गर्भश्रीमंत कॉलर: चार शर्टांचे परीक्षण

ज्याला आपण मराठीत 'गर्भश्रीमंत' म्हणतो, त्याला समाजमाध्यमांवर आता 'ओल्ड मनी' म्हणतात, आणि ही पिढीजात श्रीमंती हल्ली पार्सलने घरपोच येते. गेल्या दिवाळीत मीही असे एक पार्सल मागवले. त्यात दोन शर्ट होते: २,७९९ रुपयांचा पांढरा ऑक्सफर्ड बटन-डाऊन आणि २,२९९ रुपयांचा 'मद्रास चेक्स'चा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. विकणाऱ्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण तिच्यासारख्या अनेक कंपन्या आहेत आणि माझी तक्रार तिच्या एकटीपुरती नाही. तुलनेसाठी घरात आणखी दोन शर्ट होते. न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो असताना तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून ९ डॉलरला घेतलेला, 'मेड इन यूएसए' असे लेबल असलेला ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकी कंपनीचा निळा शर्ट हा एक, आणि मेहुण्यांनी भेट दिलेला कामाकुरा या जपानी कंपनीचा पांढरा शर्ट हा दुसरा. मद्रासचा शर्ट मुदतीतच परत गेला, त्याची हकीकत पुढे येईल; बाकीचे तीन मी आठ महिने आलटून पालटून वापरले, घरीच धुतले, दोरीवर वाळवले आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिले.

'ओल्ड मनी' म्हणून विकली जाणारी ही पोशाखाची शैली मुळात अमेरिकेच्या ईशान्येकडची, तिथल्या विद्यापीठांसाठी मुले तयार करणाऱ्या खासगी 'प्रेप' शाळांची आणि येल, प्रिन्स्टन, हार्वर्ड या विद्यापीठांच्या आवारातली आहे. तिचे सारे सौंदर्य कपडा नवा न दिसण्यात असते. कॉलर विरलेली, कोपर झिजलेले, बूट दोन-तीनदा तळ बदलून घेतलेले. ज्याला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नाही त्याचा हा वेश, असा त्यामागचा दावा असतो. त्यामुळे तिची नक्कल करणाऱ्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. शर्टाचा रंग, चौकडी आणि बिल्ला यांची नक्कल एका आठवड्यात होते. पंधरा वर्षांच्या धुलाईची होत नाही.

आता कॉलर, कारण बटन-डाऊन शर्टात पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे. तिची टोके दोन लहान बटणांनी छातीला अडकवलेली असतात, हे सर्वांना ठाऊक असते. लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की जुन्या शर्टांत कॉलरचे पान, गळपट्टीपासून बटणापर्यंतच्या अंतरापेक्षा मुद्दाम थोडे लांब कापलेले असते आणि आत बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे कडक अस्तर, घातलेले नसते. जास्तीच्या कापडाला जायला जागा नसल्यामुळे ते मध्येच फुगून कमानीसारखे वळते. या वळणाला जाणकार 'रोल' म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास वाद घालतात. ब्रुक्सच्या निळ्या शर्टात हे वळण आहे आणि दर धुण्यानंतर ते थोडे निराळे पडते. माझ्या पार्सलमधल्या पांढऱ्या शर्टात ते नाही. कॉलरची टोके आखूड आहेत आणि आत चिकटवलेले, म्हणजे फ्यूजिंगचे, बकरम आहे, त्यामुळे ती पोस्टकार्डासारखी सपाट बसते. दहाव्या धुण्याच्या सुमारास डाव्या टोकापाशी बकरम कापडापासून सुटले आणि तिथे बुडबुडे आले. इस्त्रीवाल्याने त्यावर पाणी मारून, दाबून पाहिले आणि शर्ट परत देताना माझ्याकडे सहानुभूतीने बघितले.

कापडाचेही तसेच. ऑक्सफर्डच्या विणीत दोन बारीक उभे धागे जोडीने जातात आणि त्यांच्यावर एक जाडसर आडवा धागा बसतो, म्हणून जवळून पाहिल्यास टोपलीच्या विणीसारखे दिसते. निळ्या शर्टात उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असल्यामुळे लांबून दिसणारा फिकट निळा रंग खरे तर दोन रंगांचे मिश्रण असते. असे सुती कापड सुरुवातीला खरखरीत असते आणि वापराने मऊ होत जाते. पार्सलमधला शर्ट पहिल्याच दिवशी रेशमासारखा गुळगुळीत होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. शिवणीतल्या लहानशा पट्टीवर ४० टक्के पॉलिएस्टर असे छापलेले नंतर सापडले. आठ महिन्यांत तो मऊ झाला नाही, विरलाही नाही. फक्त काखेत पिवळा पडला आणि कोपरांवर गोळे धरू लागला.

छातीवरच्या बिल्ल्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे. त्यावर एक मुकुट आहे, एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन वल्ही आहेत आणि खाली एक लॅटिन वाक्य आहे. कंपनी तीन वर्षांपूर्वी सुरू झाली, असे तिच्याच संकेतस्थळावर लिहिले आहे. ही वल्ही तिने कोणत्या नदीत मारली, ते मात्र लिहिलेले नाही.

पण हसून झाल्यावर मी अस्सल म्हणून बाळगलेल्या निळ्या शर्टाचाही इतिहास पाहिला, आणि माझा आवाज थोडा खाली आला. ब्रुक्स ब्रदर्स हे १८१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले दुकान. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या रात्री त्यांच्या अंगात याच दुकानाचा कोट होता. परंतु या दुकानाचे चिन्ह असलेला, फितीने लटकणारा मेंढा युरोपातल्या 'गोल्डन फ्लीस' या सरदारी मंडळाकडून आलेला आहे. हे मंडळ बर्गंडीच्या ड्यूकने १४३० मध्ये स्थापन केले आणि ब्रुक्सने तो मेंढा १८५० मध्ये घेतला. बटणांची कॉलरही उसनीच. संस्थापकाचे नातू जॉन ब्रुक्स यांनी इंग्लंडमध्ये पोलोचा सामना पाहताना खेळाडूंनी वाऱ्याने फडफडू नये म्हणून कॉलरी बटणांनी अडकवल्याचे पाहिले आणि १८९६ च्या सुमारास तसा शर्ट दुकानात आणला, असे सांगितले जाते. तो पोलो इंग्लंडात तरी कुठून गेला? मणिपुरातून, ईशान्य भारतातल्या चहामळ्यांच्या आणि लष्कराच्या वाटेने; इंग्लंडमधला पहिला सामना १८६९ चा. १९८८ मध्ये ब्रुक्स ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या मालकीचे झाले, २००१ मध्ये एका इटालियन उद्योगपतीकडे गेले आणि २०२० च्या जुलैमध्ये ब्रुक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या गार्लंड गावचा त्याचा शर्टांचा कारखाना बंद झाला. त्यानंतर ३२.५ कोटी डॉलरला ते विकत घेणाऱ्यांपैकी एका कंपनीचे नाव 'ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुप', म्हणजे 'अस्सल' हा शब्द नावातच बाळगणारी कंपनी. हा विनोद मी रचलेला नाही.

या शैलीच्या इतर मानकऱ्यांकडे पाहिले तरी तेच. येलच्या विद्यार्थ्यांचे शिंपी म्हणून ख्यात झालेले जे. प्रेस हे दुकान १९०२ मध्ये लॅटव्हियातून आलेल्या एका ज्यू स्थलांतरिताने काढले आणि १९८६ पासून ते जपानी मालकीचे आहे. राल्फ लॉरेन हे ब्राँक्समधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबात १९३९ मध्ये जन्मलेले लिफ्शिट्झ आडनावाचे गृहस्थ. त्यांनी काही काळ ब्रुक्स ब्रदर्समध्ये विक्रेत्याचे काम केले आणि १९६७ मध्ये 'पोलो' या नावाने टाय विकायला सुरुवात केली. जुन्या घराण्यांचा जो वेश आपण ओळखतो, तो बेतून, शिवून आणि विकून दाखवणारे लोक बऱ्याच अंशी त्या घराण्यांच्या दाराबाहेर उभे होते. त्यामुळे 'बाहेरच्याने केलेली नक्कल' हा माझ्या पार्सलवरचा आक्षेप टिकत नाही. 'आळसाने केलेली नक्कल' हा आक्षेप मात्र टिकतो.

कामाकुराचा शर्ट हा त्याचा पुरावा आहे. जपानमध्ये केन्सुके इशिझु यांच्या 'व्हॅन' या कंपनीने पन्नास आणि साठच्या दशकांत अमेरिकी विद्यार्थ्यांचा वेश तरुणांना शिकवला. शिकवला हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण कोणत्या ऋतूत काय घालावे आणि पँटची लांबी किती असावी याचे नियमच त्यांनी घालून दिले होते. १९६५ मध्ये त्यांच्या माणसांनी अमेरिकी विद्यापीठांत जाऊन विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढली आणि त्यांचे पुस्तक केले. पुढे अमेरिकेत तो वेश मागे पडल्यावर अमेरिकनांनीच ते २०१० मध्ये पुन्हा छापून अभ्यासाला घेतले. 'व्हॅन'मध्ये काम केलेल्या योशिओ सादासुए यांनी १९९३ मध्ये कामाकुराची स्थापना केली आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर, ब्रुक्सच्या जुन्या मुख्य दुकानापासून काही चौक अंतरावर दुकान उघडले. माझ्या शर्टात शिंपल्याची बटणे आहेत, टीप इतकी बारीक आहे की मोजायला चष्मा लागतो, आणि कॉलरचे वळण ब्रुक्सपेक्षा किंचित जास्त शिस्तीचे आहे. आठ महिन्यांत एकही धागा उसवलेला नाही. उणीव काढायचीच तर एवढीच की तो फार नीटनेटका आहे. मूळ शर्टातला गबाळेपणासुद्धा यात जपून मोजून घातल्यासारखा वाटतो. तरीही नवा शर्ट घ्यायचा असेल तर मी हाच सुचवेन.

ब्रुक्सचा जुना शर्ट शोधणाऱ्यांनी लेबलवर 'नॉन-आयर्न' लिहिलेले नाही ना, ते पाहावे. इस्त्री लागू नये म्हणून सुती धाग्यांवर रेझिनची प्रक्रिया केली जाते आणि त्यातले तंतू एकमेकांशी बांधले जातात, म्हणून चुण्या पडत नाहीत. पण तेच बांधलेले तंतू ठिसूळ होतात, कापड घाम कमी टिपते, आणि कफ व कॉलर घडीवर चिरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा सौदा परवडत नाही, विशेषतः जिथे इस्त्रीवाला गल्लीतच आहे.

राहिला मद्रास. या कापडाचा आणि येलचा संबंध फार जुना आहे. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा एकेकाळचा गव्हर्नर एलिहू येल याने १७१८ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका लहान महाविद्यालयाला पुस्तके आणि राजाचे चित्र यांबरोबर कापडासह मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. तो माल ५६२ पौंडांना विकला गेला आणि महाविद्यालयाने देणगीदाराचे नाव घेतले. पण अमेरिकेत या कापडाला खरी कीर्ती मिळाली ती एका चुकीतून. १९५८ च्या सुमारास कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे मुंबईत सहार विमानतळाजवळ लीला हॉटेल उभारले त्यांनी, विल्यम जेकबसन या अमेरिकी आयातदाराला हातमागाचे मद्रास कापड विकले आणि त्याने ते ब्रुक्स ब्रदर्सला दिले. वनस्पतीजन्य रंगांचे हे कापड थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे लागते, ही सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली नाही. धुताच रंग वाहिले आणि तक्रारी आल्या. मग जाहिरातीने त्या दोषाचाच गुण केला: हे कापड रंग सोडणारच, याची हमी! प्रत्येक धुण्यात चौकडी थोडी पुसट होऊन एकमेकींत मिसळते आणि प्रत्येकाचा शर्ट निराळा होतो, म्हणून तो अस्सल.

माझ्या पार्सलमधला मद्रास रंग सोडत नाही, कारण त्याची चौकडी विणलेलीच नाही, छापलेली आहे. ओळखायची रीत सोपी आहे: शर्ट उलटा करावा. रंगीत धाग्यांनी विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. याची आतली बाजू धुरकट पांढरी आहे आणि चौकडीच्या रेघा धाग्याच्या दिशेने न जाता किंचित तिरक्या गेल्या आहेत. संकेतस्थळावर त्याचे वर्णन 'वारसा' या शब्दाने केले आहे. ज्या देशात ते कापड विणले जाते, त्याच देशातल्या कंपनीने त्याची छापील नक्कल विकावी, याचे मला वाईट वाटले. शर्ट परत पाठवला. पैसे मिळाले, पण पार्सलखर्चाचे १५० रुपये कापून.

पांढऱ्या शर्टाचे दोष कळेपर्यंत त्याची परत करण्याची मुदत टळली होती. तेव्हा ब्रुक्सचा निळा शर्ट घेऊन मी आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो आणि त्यावरून एक शर्ट शिवायला सांगितला: कापड शंभर टक्के सुती ऑक्सफर्ड, कॉलरचे टोक सव्वातीन इंचांहून थोडे जास्त, आत बकरम नाही. ते म्हणाले, "साहेब, बकरमशिवाय कॉलर पडेल." पडू द्या, म्हणालो. त्यांनी विरलेल्या निळ्या कॉलरीवरून अंगठा फिरवला. आमच्या लहानपणी वडिलांच्या शर्टांच्या कॉलरी विरल्या की उसवून, उलटवून पुन्हा शिवल्या जात, म्हणजे झिजलेली बाजू खाली जाई आणि शर्ट आणखी दोन वर्षे कार्यालयात जाई. विरलेली कॉलर लोकांना दिसू नये हाच त्यामागचा हेतू असे.

दहा दिवसांनी शर्ट मिळाला. शिलाई ६५० रुपये, कापड निराळे. वळण चार आणे कमी आहे, कारण कॉलरची शिवण त्यांनी सवयीने ताणून घातली आहे. पुढच्या खेपेला सांगता येईल. काज हाताने केलेले आहेत आणि उत्तम आहेत. नमुन्याचा निळा शर्ट त्यांनी कागदात निराळा बांधून दिला होता. घरी येऊन उघडला, तर त्याची कॉलर उलटवून, नीट शिवून, कडक इस्त्री करून ठेवलेली. त्याचे पैसे त्यांनी लावले नव्हते.