चैत्रातल्या जत्रेला शर्ट कुठला: सुती, लिनन, रेयॉन की ड्राय-फिट?

होळी जवळ आली की आमच्या तालमीत दरवर्षी एकच वाद पेटतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला यंदा शर्ट कुठला? सासनकाठीबरोबर, म्हणजे देवापुढं नाचवायच्या उंच सजवलेल्या काठीबरोबर, जाणारी पस्तीस-चाळीस माणसं, सगळ्यांना एकसारखा शर्ट पाहिजे आणि मतं मात्र चाळीस. आबांना खळ दिलेला, कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट हवा. पोरांना छातीवर देवाचा फोटो छापलेला ड्राय-फिट, म्हणजे खेळाडू घालतात तसला पॉलिस्टरचा शर्ट. पुण्याचे जावईबापू फोनवरून लिनन सुचवतात आणि वर्गणीचा आकडा ऐकला की गप्प होतात. मी इचलकरंजीत वाढलो. घरात माग नव्हता, पण शेजारी चार लूम रात्रंदिवस खडखडत असायचे, त्यामुळं कापडाचा निवाडा माझ्या गळ्यात पडतो. गेल्या काही वर्षांत यातला जवळजवळ प्रत्येक प्रकार अंगात घालून वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाचा, डोंगर चढलोय.

शर्ट निवडण्याआधी दिवस कसा जातो ते बघा. पहाटे चारला निघताना अंगावर काटा येतो इतका गारवा. दहानंतर ऊन चटका देतं. दुपारी काठ्या यमाईच्या देवळाकडे निघतात तेव्हा पारा 37-38 च्या आसपास, पायाखाली तापलेला दगड, डोक्यावरून गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि चहूबाजूंनी गर्दी. रात्री पालखी बघून घरी पोचेपर्यंत सोळा-सतरा तास तोच शर्ट अंगात. त्यात चार वाजता ढग भरून वळीव कोसळला, तर गुलालाचं पाणी होऊन माणूस आतल्या बनियनपर्यंत गुलाबी.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मा वाद मिटतो. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम वाळला की गार होतं. अंगावरून एक लिटर घामाची वाफ झाली तर ती सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तोच घाम कोपरावरून टपकला तर फुकट गेला. म्हणून शर्टाला विचारायचे प्रश्न दोनच: घाम पितोस का, आणि आरपार वारा जाऊ देतोस का? पहिल्याचं उत्तर धाग्यात असतं, दुसऱ्याचं विणीत. आपण दुकानात फक्त पहिला विचारतो. "कॉटन आहे ना?" "प्युअर कॉटन, साहेब." झालं, फाडा कापड.

सुती, पण कुठलं सुती?

डेनिमची पॅंटही सुतीच असते की. इथं वीण बघावी लागते. इचलकरंजीच्या बाजारात पांढरं केम्ब्रिक मागितलं की व्यापारी 60 काउंट, 92-88 असं काहीतरी बोलतो. म्हणजे सूत बारीक (काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक) आणि इंचाला 92 उभे, 88 आडवे धागे. पॉपलीन बहुधा 40 काउंटचं, 132-72. सूत जाड आणि उभे धागे दाटीवाटीनं बसलेले. दोन्ही कापडं उजेडाकडे धरा. केम्ब्रिकमधून खिडकीचे गज दिसतात, पॉपलीनमधून नुसता उजेड दिसतो. जो फरक डोळ्याला दिसतो तोच दुपारी दोन वाजता पाठीला कळतो. दोन्हींच्या लेबलवर मात्र शंभर टक्के कॉटनच लिहिलेलं असतं.

मलमल याहून हवेशीर. वजनाला इतकं हलकं की घडी हातात घेतल्यावर रुमाल उचलल्यासारखं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना, आणि काठीला हात न लावता नुसतं दर्शनाला जाणाऱ्यांना, मी डोळे झाकून मलमल सांगतो. पण त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे आरपार दिसतं, म्हणून लोक आत जाड बनियन घालतात आणि मलमल घेतल्याचा सगळा फायदा तिथंच संपतो. दुसरं, ते ताणाला टिकत नाही. गर्दीत कुणी खांदा धरून ओढला की शिवणीजवळ फाटतं. मधला मार्ग म्हणून डोरिया बघा. जाड-बारीक सुताच्या उभ्या रेघा असतात, त्यामुळं अंग कमी दिसतं आणि कापड अंगाला सपाट चिकटत नाही.

खादीबद्दल लोक भावनेनं बोलतात. हातसुताला पीळ कमी-जास्त असतो, त्यामुळं विणीत बारीक फटी राहतात आणि हवा खेळते हे खरं. पण ते पातळ खादीचं. जाडी खादी एकदा घामानं भिजली की संध्याकाळपर्यंत ओलीच राहते आणि खांद्यावर ओझं होतं. शिवाय भांडारात शेजारच्या फळीवर पॉलीवस्त्र असतं, त्यात 67 टक्के पॉलिस्टर आणि 33 टक्के सूत. दिसायला खादीच, उन्हात टेरिकॉटचा सख्खा भाऊ.

खळीचा प्रश्न

आता आबांकडे येतो. आबांचं म्हणणं असं की खळीचा शर्ट अंगापासून लांब उभा राहतो, मधून वारा जातो, चिकटत नाही. आणि हे खोटं नाही. सकाळी दहापर्यंत आबाच जिंकतात. पण खळ म्हणजे शेवटी पिठाची पेज. ती धाग्यांमधल्या फटी बुजवते, आणि घाम लागला की परत पेज होते. दुपारी आबांच्या पाठीवर शर्ट पोस्टाच्या तिकिटासारखा डकवलेला असतो. त्यावर गुलाल बसला की जो थर होतो तो नखानं खरवडावा लागतो. एकदा मी घरी आल्यावर माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून वाकवली, तर गुलाबी पापुद्रा कडकन मोडून खाली पडला. तेव्हापासून माझ्या शर्टाला खळ नाही. नुसत्या पाण्याची इस्त्री. कडकपणाची हौस फारच असेल तर कॉलरला आणि बटणपट्टीला द्या, पाठ आणि काख सोडा.

लिनन

ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाच्या खोडातला धागा म्हणजे लिनन. धागा मुळातच ताठ, त्यामुळं खळ न देताही कापड अंगापासून सुटं राहतं. म्हणजे आबांना जे हवंय ते खरं तर लिनन आहे, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. पाणीही सुतापेक्षा जास्त पितं. ठरावीक हवामानात मोजलं तर 100 ग्रॅम कोरडं सूत हवेतली साडेआठ ग्रॅमच्या आसपास ओल धरतं, लिनन 12 च्या आसपास, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. लिननचा शर्ट घालून मी एकदाच यात्रा केली आणि त्या दिवशी पाठ कोरडी होती, हे कबूल करतो. पण सुतीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून घेतलेल्या कापडावर गुलाल पडताना जीव कासावीस होतो, आणि देवाच्या दारात तो विचार बरा नव्हे. सुरकुत्यांचं तर बोलायलाच नको. एसटीतून उतरेपर्यंत शर्ट उशीखाली झोपवल्यासारखा दिसतो. घरी पाहुणे असतील, पंगत वाढायची असेल, मांडवात बसायचं असेल, तर लिननसारखं सुख नाही. काठीला नको.

रेयॉन

झाडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. मऊ, गार लागतो, घाम सुतापेक्षा जास्त पितो आणि खिशालाही परवडतो. दुकानात हात लावला की मन जातंच. गोची अशी की ओला झाला की रेयॉनची ताकद जवळपास निम्म्यावर येते. आमच्यातल्या एकानं फुलाफुलांचा रेयॉन शर्ट घालून काठीचा दोर धरला. काठी एका बाजूला झुकली, त्यानं जोर लावला आणि काखेपासून कमरेपर्यंत शर्ट उघडला. उरलेला दिवस त्यानं उपरणं गुंडाळून काढला. ज्यांना ओढाताण करायची नाही त्यांनी जरूर घ्यावा.

ड्राय-फिट

याला मी पूर्वी नावं ठेवायचो, आता थोडा नरमलोय. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही, पण विणकाम असं केलेलं असतं की घाम धाग्यांच्या फटींमधून पसरून बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथं वाळतो. माणूस धावत असेल, वारा लागत असेल, तर हे छान चालतं, आणि वळवात भिजल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांच्या आधी कोरडा होणारा शर्टही हाच. गुलालही त्यावरून बराचसा झटकून जातो. पण गर्दीत वारा कुठून येणार? थांबलं की तो अंगाला चिकटतो. शिवाय पॉलिस्टर घामाचा वास धरून ठेवतं. परतीच्या ट्रॅक्स जीपमध्ये बारा पोरं ड्राय-फिटमधली असतील तर मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसतो.

मोठी चूक छपाईत होते. छातीभर देवाचा फोटो रबरी शाईत छापला की तेवढ्या जागी शर्टावर प्लास्टिकचा तुकडाच बसतो. नेमकी छाती आणि पाठ, म्हणजे जिथं घाम जास्त तिथंच वाट बंद. पोरांना ड्राय-फिटच पाहिजे असेल तर सब्लिमेशनची छपाई मागा. त्यात रंग धाग्यात उतरतो, वर थर बसत नाही. बोट फिरवून बघा, चित्र हाताला लागलं तर नको म्हणा.

हवा बदलली की उत्तर बदलतं

हे सगळं घाटमाथ्यावरच्या कोरड्या उन्हाचं. शिखर शिंगणापूरला कावडींबरोबर मुंगी घाट चढणाऱ्यांना तर आणखी कोरडं, माणदेशातलं ऊन. तिथं सुती कापड राजा आहे, कारण भिजलेलं कापड वाऱ्यावर वाळत राहतं आणि वाळताना अंग गार करतं. पण गुढीपाडव्याची डोंबिवली-गिरगावची शोभायात्रा किंवा कोकणातली शिमग्याची पालखी घ्या. तिथल्या दमट हवेत घाम वाळायचं नावच घेत नाही. जाड सुती शर्ट एकदा भिजला की भिजलाच. तिथं मी क्रम उलटा करीन: नाचणाऱ्या-धावणाऱ्यांना सब्लिमेशनचा सैल ड्राय-फिट, चालणाऱ्यांना पातळ लिनन किंवा रेयॉन, आणि सुतीच हवं असेल तर फक्त मलमल, तेही दोन जोड घेऊन. दमट हवेत ऊन बाधायला पारा चाळीसवर जावा लागत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उन्हाच्या त्रासानं 14 माणसं गेली, तेव्हा तापमान 38 च्या आसपासच होतं. सावली आणि पाणी नसेल तर कुठलंही कापड घालून उपयोग नाही.

दुकानात गेल्यावर

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून "प्युअर कॉटन" म्हणून ताग्यानं कापड उचललं. शिवून आल्यावर शंका आली, म्हणून एक धागा काढून काडी लावली. सुताचा धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख राहते. आमचा धागा आक्रसला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. पॉलिस्टर मिसळलेलं होतं. चाळीस शर्ट शिवून झालेले, कुणाशी भांडणार? तेव्हापासून काडेपेटी खिशात असते आणि धागा कापड फाडायच्या आधी जाळतो, उभा एक आणि आडवा एक.

दुसरी परीक्षा तोंडाची. कापड ओठांवर धरून फुंकर मारायची आणि पलीकडे तळहात धरायचा. फुंकर हाताला लागली तर घ्यायचं. थेंब टाकून बघायला कुणी सांगेल, पण कोऱ्या कापडावर गिरणीची खळ असते, थेंब घरंगळतो आणि चांगलं कापडही नापास होतं. ती खळ जायला हवी म्हणून, आणि सुती कापड आटतं म्हणूनही, शिवायच्या आधी रात्रभर भिजत घाला. यात्रेपूर्वी आणखी दोनदा धुवा.

शिलाईत माझा हट्ट एवढाच: नेहमीच्या मापापेक्षा छातीला चार इंच सैल, बाजूला उंच काप, काखेत चौकोनी तुकडा, बाह्या पूर्ण आणि मोकळ्या. अर्ध्या बाहीनं गार वाटतं हा सावलीतला समज आहे, उन्हात हात भाजतात. छातीचा खिसा काढून टाका. दुहेरी कापडाखाली घाम साचतो, मोबाईल भिजतो आणि शर्ट पुढून लोंबतो. खिसा बाजूला द्या. रंग पांढरा किंवा फिका. आणि गुलालाचा शर्ट घरी आल्यावर आधी कोरडाच झटका, ब्रश मारा, मग पाण्यात घाला. थेट बादलीत बुडवला की पुढच्या यात्रेपर्यंत गुलाबीच.

यंदाचा निकाल असा लागलाय: काठीवाल्यांना 60 काउंटचं केम्ब्रिक, बिनखळीचं, माणशी दोन शर्ट. दुसरा पिशवीत ठेवायचा आणि दुपारी काठ्या निघायच्या आधी बदलायचा. दोन केम्ब्रिक मिळून एका लिननपेक्षा स्वस्त पडले. वयस्कर मंडळींना डोरिया. पोरांना सकाळी चालताना ड्राय-फिट घालायची मुभा, काठीला हात लावताना केम्ब्रिक. आबांनी स्वतःपुरती खळ राखली आहे, त्यांच्याशी कोण वाद घालणार. तुम्हीही ठरवत असाल तर कापड होळीच्या आधी टेलरकडे टाका. पाडवा झाला की तो फोन उचलत नाही.