घडीचा वॉकर आणि कमोड स्टूल: पेठेतल्या जुन्या घरात कितपत उपयोगी?

सर्जिकलच्या दुकानात मिळणारा ॲल्युमिनियमचा घडीचा वॉकर वस्तू म्हणून चांगलाच आहे. वजन अडीच-तीन किलो, घडी केली की दाराआड मावतो. तरी कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तो पुष्कळदा त्या दाराआडच राहतो आणि आजी पुन्हा भिंत धरून न्हाणीकडे निघतात. यात वॉकरचा दोष कमी, माप न घेता केलेल्या खरेदीचा जास्त. म्हणून वस्तूबरोबर घराचंही बोलावं लागेल.

पहिलं माप न्हाणीच्या दाराचं. दार पूर्ण उघडायचं आणि फळीची जाडी सोडून जी मोकळी जागा उरते ती मोजायची. वॉकरचे पाय खाली फाकलेले असतात, त्यामुळं त्याची रुंदी मुठीपाशी मोजली तर फसगत होते. जमिनीवर, एका पायाच्या रबरी बुटाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही बाजूंना किमान एकेक इंच मोकळा राहायला हवा. नाही राहिला तर माणूस वॉकर आडवा करून, अंग वळवून आत शिरायला बघतो, आणि तोल नेमका तिथंच जातो.

उंचीचं माप दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. घरात जी चप्पल घालतात ती घालून आबांना ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटाची घडी जमिनीपासून जितकी वर, तितकी मुठीची उंची. मग मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं, साधारण २० ते ३० अंश. मूठ उंच राहिली तर खांदे वर चढतात आणि हातांवर भार घेता येत नाही. खाली राहिली तर पुढं वाकून चालावं लागतं आणि चार दिवसांत कंबर धरते. पायांना ओळीनं भोकं असतात. चारही पायांची गुंडी सारख्याच भोकात बसली आहे का, हे बोटानं मोजून बघा. एक पाय जरी एक भोक वर-खाली राहिला तरी वॉकर डुगडुगतो, आणि घरातले फरशीला नावं ठेवत बसतात.

दुकानात उघडून बघताना एका बाजूला ‘टक’, दुसऱ्या बाजूला ‘टक’, असे दोन आवाज आले पाहिजेत. मग दोन्ही मुठींवर भार देऊन हलवा. मुठीचं आवरण पाइपवर गरागरा फिरत असेल तर तो नग परत ठेवा. ओल्या हाताला ते आणखी फिरणार.

या वस्तूचा खरा जीव खालच्या रबरी बुटांत आहे. वॉकर उलटा धरून बघा. नव्या बुटाच्या तळाला खाचा असतात. त्या झिजून तळ गुळगुळीत झाला की बूट बदलायचा. हलक्या बुटात आत पत्र्याची चकती नसते. पाइपची कड रबर कापत कापत खाली येते आणि एक दिवस तळाला रुपयाएवढं चकाकणारं कडं दिसायला लागतं. तो उघडा पडलेला पाइप. ओल्या शहाबादी फरशीवर असा पाय ठरतच नाही, आणि आपल्याकडं पावसाचे चार महिने सोप्यापासून परड्यापर्यंत फरशी दमटच असते. महिन्यातून एकदा चारही बूट उलटे करून बघा. पाइपचा व्यास मोजून चार जादा बूट घरात आणून ठेवा, आणि बदलताना चारही एकदम बदला. जुना-नवा मिसळला की उंचीत फरक पडतो.

आता उंबरा. या वॉकरची सगळ्यात मोठी अडचण हीच. पुढचे दोन पाय उंबऱ्यापलीकडं आणि मागचे दोन अलीकडं, अशा अवस्थेत दोन्हीकडची जमीन एका पातळीत नसली की वॉकर तिरका होतो. चारही पाय पलीकडं टाकले तर तो हाताच्या टप्प्याबाहेर जातो आणि माणूस ओणवा होतो. दोन्ही धोक्याचंच. उतार करायचा तर १ इंच उंचीला १२ इंच लांबी लागते. म्हणजे ३ इंचांच्या उंबऱ्याला दोन्ही अंगांना तीन-तीन फूट, आणि तेवढी जागा माजघरात नसते. मुख्य दाराच्या उंबऱ्याला हळद-कुंकू लागतं, तो काढा असं सांगणं बरोबर नाही. तिथं चौकटीच्या दोन्ही अंगांना उभा दांडा बसवून, तो धरून आणि घरातल्या कुणाचा तरी हात घेऊन ओलांडावं. वॉकर पलीकडं दुसऱ्यानं न्यावा. न्हाणीचा उंबरा मात्र निव्वळ पाणी अडवण्यासाठी असतो. गवंड्याकडून तो फोडून घ्या आणि आतल्या फरशीचा ढाळ मोरीकडं नीट करून घ्या. वॉकरच्या किमतीइतकंच या कामाला महत्त्व आहे.

चालायची रीत दुकानात क्वचितच सांगतात. आधी वॉकर हातभर पुढं, चारही पाय टेकल्यावर दुखरा पाय, मग चांगला पाय. पुढच्या दांड्याला पाय भिडेल इतकं आत जायचं नाही. खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, तो अंगावर येतो. खुर्चीचे हात दाबून उठावं आणि उभं राहिल्यावर वॉकर धरावा. जिन्यावर वॉकर नकोच. अर्धांगवायूनं एक हात गेला असेल तर हा वॉकर उपयोगाचा नाही, तिथं चार पायांची काठी चांगल्या हातात द्यावी. पार्किन्सनमध्ये उचलून ठेवायचा वॉकर पावलं अडखळवतो. पुढं चाकं असलेल्या वॉकरबद्दल फिजिओथेरपिस्टला विचारूनच घ्या.

भारतीय संडासावर ठेवायच्या कमोड स्टूलाला मी वॉकरपेक्षा जास्त गुण देईन. गुडघे गेलेल्या माणसाला उकिडवं बसणं ही रोजची शिक्षा असते. उठता येणार नाही या धास्तीनं म्हातारी माणसं पाणी कमी पितात, जेवण कमी करतात, आणि हे कुणाला सांगतही नाहीत. स्टूल त्यातून सोडवतं, फक्त निवड नीट हवी. संडासाची फरशी भांड्याकडं उतरती असते, त्यामुळं एक पाय अधांतरी राहतो. म्हणून पायांची उंची वेगवेगळी लावता येईल असंच घ्या. खाली विटेचा तुकडा किंवा पुठ्ठा देऊ नका, ओला झाला की सरकतो. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर उंची डॉक्टरांना विचारून जास्त ठेवा. दोन्ही बाजूंना हात हवेतच. एकाच हातावर जोर दिला तर हलकं स्टूल कलंडतं.

लोखंडी रंगवलेलं स्टूल स्वस्त पडतं. पण रबरी बुटात पाणी साचून पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही कळत नाही. जमत असेल तर स्टेनलेस स्टील घ्या. प्लास्टिकच्या सीटला तडा गेला की मांडीची कातडी चिमटते. मधुमेह असेल तर तेवढी जखमही लवकर भरत नाही. तडा दिसला त्याच दिवशी सीट बदला.

शेजारी भिंतीला दांडा हवाच, पण टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे. रबरी वाटीनं चिकटणारे दांडेही नकोत. टाइलचा सांधा किंवा ओल आली की ते सुटतात. जुन्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. पक्क्या विटांच्या भिंतीतच अँकर बोल्ट मारून घ्या, आणि बसवल्यावर घरातल्या धट्ट्याकट्ट्या माणसानं त्याला लोंबकळून बघावं.

वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. खातं आधारशी जोडलेलं हवं, अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयाकडं. खरेदीचा पुरावा लागतो, म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर वस्तूचं नाव स्पष्ट लिहून घ्या. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी स्टूल घ्या. चालताना सून-नातू हात देऊ शकतात, पण रात्री दोन वाजता संडासात आजी एकट्याच असतात.