थायलंडचा निवृत्ती व्हिसा: ८ लाख बात एकरकमी ठेवायचे की दरमहा ६५ हजार आणायचे?

वयाची ५० वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी माणसाला थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहण्याची एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी पैसे दाखवण्याचे तीन मार्ग आहेत. थाई बँकेत ८ लाख बात (बात म्हणजे थायलंडचं चलन) ठेवायचे, दरमहा ६५ हजार बातचं उत्पन्न सिद्ध करायचं, किंवा ठेव आणि वर्षाचं उत्पन्न मिळून ८ लाखांची बेरीज जुळवायची. ६५ हजारांचे बारा हप्ते म्हणजे ७ लाख ८० हजार, म्हणजे कागदावर तिन्ही वाटा जवळपास सारख्याच. राहायला गेल्यावर मात्र त्यांच्यातला फरक फार जाणवतो, आणि निवड चुकली तर ती दुरुस्त करायला वर्ष जातं.

आधी ठेव. लोकांना वाटतं की ८ लाख वर्षभर गोठून राहतात. १ मार्च २०१९ पासूनचा नियम असा आहे: अर्ज करण्याच्या २ महिने आधीपासून पूर्ण रक्कम खात्यात हवी, परवानगी मिळाल्यावर पुढचे ३ महिने ती तशीच राहायला हवी आणि त्यानंतर शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. समजा तुमची मुदतवाढ १५ जूनला होते. मग एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ८ लाखांना हात लावायचा नाही. उरलेले सात महिने त्यातले ४ लाख तुमचे, हवे तसे वापरा, फक्त पुढच्या एप्रिलआधी परत भरा. उरलेल्या ४ लाखांना मात्र कधीच हात लावता येत नाही. ते इथे राहण्याची किंमत म्हणून बाजूला पडलेत असं समजूनच चालावं. हॉस्पिटलचं बिल त्यातूनच भरू असा विचार करून कुणी गेलं, तर बिल भरलं जाईल आणि पुढच्या वर्षीची मुदतवाढ जाईल. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण उतारवयात नेमकी हीच वेळ येते. आजारपणाचा पैसा या ठेवीपेक्षा वेगळाच हवा.

ठेवीच्या बाजूने बोलायचं तर कागदपत्रं अगदी थोडी. खातं एकट्याच्या नावावर हवं, अर्जाच्या वेळी बँकेचं पत्र आणि त्याच दिवशी भरून घेतलेलं पासबुक. संयुक्त खात्याच्या भानगडीत पडू नये. थायलंडची ठेव संरक्षण योजना एका बँकेत एका ठेवीदाराला १० लाख बातपर्यंत लागू आहे, त्यामुळे ८ लाख तिच्या कक्षेत बसतात. धोका राहतो तो विनिमय दराचा. तुमची बचत ज्या चलनात आहे ते घसरलं तर एकदा भरलेले बात तुमच्या फायद्याचे ठरतात, उलट झालं तर नुकसान. दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्याला हा चढउतार बारा वेळा सोसावा लागतो.

आता उत्पन्नाची वाट. पूर्वी ही सोपी होती: आपल्या दूतावासाकडून उत्पन्नाचं पत्र आणायचं, की काम झालं. २०१९ च्या सुरुवातीपासून अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या दूतावासांनी अशी पत्रं देणं बंद केलं. आपला दूतावास पत्र देत नसेल तर परदेशातून थाई खात्यात दर महिन्याला किमान ६५ हजार आल्याची १२ महिन्यांची नोंद दाखवावी लागते. इथे सरासरी चालत नाही. एका महिन्यात ९० हजार आणि पुढच्यात ४० हजार असं चालेल, हे धरून बसू नका. पाठवताना ६५ हजार असलेली रक्कम शुल्क आणि दर कापून ६४ हजार ८०० होऊन पोचली, तरी तो महिना अडचणीचा ठरतो. म्हणून जे पाठवतात ते ७० हजारांच्या आसपास पाठवतात. दुसरी गोम अशी की काही ऑनलाइन सेवांमधून पाठवलेले पैसे शेवटच्या टप्प्यावर स्थानिक हस्तांतर म्हणून पासबुकात उमटतात. मग पैसा परदेशातूनच आला हे बँकेच्या वेगळ्या पत्राने सिद्ध करावं लागतं. पहिल्याच महिन्यात पासबुक उघडून त्या नोंदीचा संकेत (कोड) परदेशी हस्तांतराचा आहे ना ते तपासा, अकराव्या महिन्यात नव्हे.

या वाटेचा मोठा गुण म्हणजे आलेला पैसा खर्च करता येतो. खात्यात शिल्लक राखण्याची सक्ती नाही. ज्याला चांगली, आयुष्यभराची पेन्शन आहे पण हाताशी एकरकमी मोठी बचत नाही, त्याला हीच वाट योग्य. पण ज्याचा खर्च महिना ३५ हजारांत भागतो, त्याला नुसत्या नियमासाठी दुप्पट रक्कम आणत राहावं लागतं.

आणि इथेच कराचा मुद्दा येतो, ज्याकडे या तुलनेत फार कमी लोक बघतात. कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त थायलंडमध्ये राहिलात की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून रहिवाशाने देशात आणलेलं परदेशी उत्पन्न, ते कोणत्या वर्षी आणलं याचा विचार न करता, करपात्र धरलं जातं; त्या तारखेआधी कमावलेला पैसा यातून सुटतो. म्हणजे जुन्या बचतीतून भरलेली ८ लाखांची ठेव या प्रश्नातून मोकळी असू शकते, तर चालू पेन्शनमधून दरवर्षी आणलेले ७ लाख ८० हजार विवरणपत्रात येऊ शकतात. वयाच्या सवलती आणि दुहेरी कर टाळण्याचे करार यामुळे प्रत्यक्ष कर कमी होईल किंवा शून्यही होईल, पण तो हिशोब मांडून ठेवावाच लागतो.

बेरजेचा मार्ग ऐकायला सोयीचा वाटतो: महिना ४० हजार म्हणजे वर्षाचे ४ लाख ८० हजार, वर ३ लाख २० हजारांची ठेव. पण यात दोन्हींचे पुरावे जमवावे लागतात. प्रत्येक इमिग्रेशन ऑफिस कागद बघण्याची आपापली पद्धत पाळतं, आणि जितके कागद जास्त तितक्या शंका जास्त. आपण राहणार त्या भागातल्या ऑफिसात आधी स्वतः जाऊन विचारल्याशिवाय ही वाट धरू नये.

मायदेशातून ओ-ए व्हिसा, म्हणजे निघण्याआधीच मिळणारा निवृत्ती व्हिसा, घेऊन येण्याचा पर्यायही आहे. त्यात सुरुवातीला पैसे मायदेशीच्या बँकेत दाखवता येतात, पण आरोग्य विम्याची अट मागे लागते, आणि मुदतवाढीलाही. सत्तरीतल्या माणसाला तो विमा मिळणंच कठीण. साध्या नॉन-ओ व्हिसावरच्या (सुरुवातीला ९० दिवसांचा, मग तिथेच वाढवून घ्यायचा) मुदतवाढीला विम्याची सक्ती नाही, म्हणून वय जास्त असेल तर मी तोच सुचवेन.

पती-पत्नी दोघं जाणार असाल तर दोघांनी वेगवेगळे ८ लाख ठेवायची गरज नाही. एकाने निवृत्त म्हणून मुदतवाढ घ्यायची, दुसऱ्याने अवलंबित म्हणून. फक्त विवाहाचा दाखला प्रमाणित करून आणलेला हवा. मात्र ज्याच्या नावावर ठेव तो आधी गेला तर खातं थांबतं आणि पैसे सोडवायला थाई न्यायालयाचा आदेश लागतो. मागे राहिलेल्या जोडीदाराचा अवलंबित म्हणून राहण्याचा आधारही त्याच दिवशी संपतो. म्हणून ठेव भरली त्याच आठवड्यात तिथल्या मालमत्तेपुरतं थाई मृत्युपत्र करून घ्या, आणि दुसऱ्याच्या नावावरही एक खातं उघडून त्यात काही महिन्यांचा खर्च ठेवा.

माझा कल असा: पेन्शन भक्कम असली तरी पहिल्या वर्षी ठेवच ठेवा. नवीन आलेल्याकडे बारा महिन्यांची नोंद नसते, आणि ९० दिवसांच्या पहिल्या नॉन-ओ मुदतीत २ महिन्यांची ठेवीची अट आरामात बसते. त्याच खात्यात पहिल्या महिन्यापासून दरमहा ७० हजार आणायला लागा. वर्षअखेर बारा नोंदी स्वच्छ असतील तर उत्पन्नावर मुदतवाढ मागा आणि ठेव मोकळी करा. एखादी नोंद हुकली असेल, तर ठेव आहेच.