जुन्या हार्ड ड्राइव्हमधलं विसरलेलं वॉलेट: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी एक विसरलेलं वॉलेट (बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या गुप्त किल्ल्यांची फाइल) शोधायला कपाटातून ५०० जीबीचा एक जुना डेस्कटॉप ड्राइव्ह बाहेर काढला, तेव्हा हे काम शनिवार-रविवारात उरकेल असं वाटलं होतं. ते आत्ता कुठे संपलंय. या काळात डीडीरेस्क्यू (बिघडत्या ड्राइव्हची प्रत काढणारं), फोटोरेक (पुसलेल्या फायली शोधणारं), पायवॉलेट (वॉलेटच्या किल्ल्या शोधणारं) आणि बीटीसीरिकव्हर (अर्धवट आठवणारा पासवर्ड शोधायला मदत करणारं) ही चार साधनं मी भरपूर वापरली. चारही फुकट आहेत, चारहींचा सोर्स कोड खुला आहे. एक मला अतिशय आवडलं, एकाने बराच वेळ खाल्ला, आणि उरलेली दोन नेमकं काय शोधायचंय हे ठाऊक असेल तरच हाताला येतात.

आधी ड्राइव्हची हकीकत. २०११ मध्ये मी त्यावर बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर टाकून पाहिलं होतं. २०१४ च्या जानेवारीत धाकट्या भावाने त्याच संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर काही आठवडे डोजकॉइन या दुसऱ्या डिजिटल नाण्याचं मायनिंग (संगणकाकडून गणितं सोडवून नाणी मिळवणं) केलं. डोजकॉइन तेव्हा जेमतेम महिन्याभराचं होतं, २०१३ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. पुढे २०१५ मध्ये विंडोज नव्याने टाकताना ड्राइव्हचं क्विक फॉरमॅट झालं आणि त्यावर फोटो साठत गेले. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची यादी नव्याने मांडली जाते, जुना मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जागेवरच राहतो. विंडोज व्हिस्टापासून पुढचं पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं, ते झालं असतं तर शोधायला काही उरलंच नसतं. एसएसडी असता तरी आशा फार कमी होती, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच मोकळी करून टाकतो. जुनी फिरती तबकडी होती म्हणून आशा धरायला जागा होती.

डीडीरेस्क्यूबद्दल सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. ड्राइव्ह विंडोजला जोडू नका, हे पहिलं. विंडोज जोडताक्षणी त्यावर काहीबाही लिहायला लागतं, आणि ते आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावरच पडलं तर तो कायमचा गेला. मी यूएसबी-साटा अडॅप्टर घेतला (साडेतीन इंची ड्राइव्हला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, नुसत्या यूएसबीवर तो चालत नाही) आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. माउंट न करता, म्हणजे त्यातल्या फायली न उघडता, आधी स्मार्टचे आकडे (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद) पाहिले. वाचता न येणाऱ्या, पेंडिंग सेक्टरांचा आकडा शून्य हवा, इथे तो तीन अंकी होता. म्हणजे ड्राइव्हचे दिवस भरत आले होते.

अशा ड्राइव्हवर सरळ शोध चालवला की तो खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसतो आणि आणखी बिघडतो. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग भराभर उचलतं, अडेल तिथून पुढे उडी मारतं आणि अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं. पहिल्या फेरीत तीन तासांत जवळपास सगळा ड्राइव्ह उतरला. उरलेल्या थोडक्या जागेला नऊ दिवस लागले. ड्राइव्ह तापला की मी काम थांबवायची, गार झाल्यावर तीच आज्ञा परत द्यायची, आणि मॅपफाइल बघून ते सोडलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. नऊ दिवसांत मी ते किती वेळा थांबवलं असेल, एकदाही काही हरवलं नाही. शेवटी ११ एमबी वाचता आले नाहीत, बाकी सगळं इमेजमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या हुबेहूब प्रतीत, आलं. त्यानंतर मूळ ड्राइव्ह पिशवीत बंद केला आणि पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर केलं. तुमचा ड्राइव्ह टकटक आवाज करत असेल तर मात्र हेही करू नका. लगेच वीज काढा, ते काम स्वच्छ खोलीत ड्राइव्ह उघडणाऱ्यांचं आहे.

फोटोरेकने निराश केलं, पण त्यात दोष बराचसा माझ्या अपेक्षेचा. ते फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फाइल ओळखतं, त्यामुळे नाव आणि फोल्डर दोन्ही हरवतात. माझ्यासमोर हजारो बिनानावाच्या फायली येऊन पडल्या, त्यात आमचेच फोटो आणि ब्राउझरची चित्रं. जवळजवळ दीड महिना त्यात गेला. स्वतःची खूण शिकवायची सोय त्यात आहे हे मला उशिरा कळलं. ते आधी वाचलं असतं तर तो दीड महिना वाचला असता.

ती खूण कुठली, हा या कामाचा गाभा. बिटकॉइनचं जुनं वॉलेट म्हणजे वॉलेट.डॅट नावाची, बर्कली डीबी या डेटाबेस प्रकारची फाइल. तिच्या सुरुवातीचे बारा बाइट सोडले की हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ६२ ३१ ०५ ०० असे चार बाइट येतात. हेच चार बाइट इमेजभर शोधायचे. बर्कली डीबी वापरणारे दुसरेही प्रोग्रॅम असतात, म्हणून सापडलेल्या तुकड्यात ‘की’, ‘सीकी’, ‘एमकी’, ‘डीफॉल्टकी’ हे रोमनमधले शब्द दिसतात का ते पाहायचं. नुसतं ‘की’ असेल तर वॉलेटला पासवर्ड नाही. ‘सीकी’ आणि ‘एमकी’ असतील तर आहे. पासवर्डची सोय बिटकॉइनमध्ये २०११ च्या सप्टेंबरात ०.४ आवृत्तीपासून आली, त्यामुळे त्याआधीच्या वॉलेटला पासवर्ड असूच शकत नाही. उघड्या वॉलेटसाठी आणखी एक खूण आहे: ०१ ०१ ०४ २०. हेक्समधले २० म्हणजे आपले ३२, आणि त्यानंतरचे ३२ बाइट हीच खासगी किल्ली, म्हणजे नाणी खर्च करायचा गुप्त आकडा. फाइलची पार चाळण झाली असली तरी हा एवढा तुकडा शाबूत राहिला की काम होतं. पायवॉलेट नेमकं हेच धुंडाळतं. माझ्याकडची आवृत्ती पायथन २ मागत होती, आणि पायथन २ चा आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपलाय. ते उभं करायला दोन संध्याकाळी गेल्या, पण एकदा चालल्यावर त्याने आपलं काम चोख केलं.

सापडलं काय? दोन वॉलेटं.

पहिलं माझं २०११ चं, बिनपासवर्डाचं. त्यातून शंभरावर किल्ल्या निघाल्या आणि माझे हात खरोखर कापायला लागले. त्या काळात फॉसेट नावाच्या संकेतस्थळांवरून थोडी नाणी फुकट मिळायची, आणि मला ती मिळाली होती अशी माझी इतक्या वर्षांची पक्की समजूत. किल्लीगणिक एक पत्ता (नाणी जमा होतात तो क्रमांक) असतो, तो एकेक तपासला. सगळे शून्य, कुठल्याच पत्त्यावर कधी व्यवहारच झालेला नाही. तेव्हाचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताच शंभर किल्ल्या आगाऊ तयार करून ठेवायचं, त्यामुळे किल्ल्यांच्या संख्येवरून पैशांचा अंदाज बांधता येत नाही. त्या रात्री मला खूप वाईट वाटलं.

दुसरं वॉलेट दोन तुकड्यांत होतं, मध्ये फोटो येऊन पडलेले. त्यावरही ६२ ३१ ०५ ०० हीच खूण, पण पत्ते ‘१’ ऐवजी ‘डी’ अक्षराने सुरू होणारे. डोजकॉइन आणि लाइटकॉइन दोन्ही बिटकॉइनच्याच कोडवरून निघाली, त्यामुळे त्यांच्या फाइलचं नावही वॉलेट.डॅटच असतं. तुम्हाला वॉलेट.डॅट सापडली तर ती कुठल्या नाण्याची आहे हे पत्त्यांच्या पहिल्या अक्षरावरून आधी बघा. तुकडे जोडताना बर्कली डीबीची रचना कामी आली. फाइल ४,०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला, नवव्या बाइटपासून, त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. हेक्स एडिटरमध्ये पान ३८ नंतर एकदम फोटोचा मजकूर लागला, आणि बऱ्याच पुढे एका जागी ३९ दिसला. रात्री दीड वाजता तो आकडा पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सगळी पानं क्रमाने लावली, फाइल उभी राहिली.

आणि तिला पासवर्ड होता.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. पासवर्डाच्या मागे लागण्याआधी आत काही आहे का ते पाहा. पासवर्ड असलेल्या वॉलेटातही फक्त खासगी किल्ल्या कुलूपबंद असतात, सार्वजनिक किल्ल्या आणि पत्ते उघडेच असतात. ते काढून ब्लॉक एक्सप्लोररवर (पत्त्यांवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) पाहिले की शिल्लक कळते. (सगळे पत्ते एकाच ठिकाणाहून तपासले की ते एकाच माणसाचे आहेत हे त्या संकेतस्थळाला कळतं. मी ते चालवून घेतलं, तुम्ही विचार करून ठरवा.) तीन पत्त्यांवर मिळून ३८,४१२ डोजकॉइन होते, २०१४ पासून न हललेले.

आता बीटीसीरिकव्हर. हे पासवर्ड फोडतं असं म्हणणं बरोबर नाही, आपल्याला अर्धवट आठवतं ते पूर्ण करायला ते मदत करतं. वॉलेटमध्ये पासवर्डवरून किल्ली काढताना निदान २५,००० वेळा हॅश (उलटं न फिरवता येणारं गणित) करावा लागतो, मुद्दाम वेळ लागावा म्हणून. माझ्या संगणकावर सेकंदाला जेमतेम ऐंशी पासवर्ड तपासून व्हायचे. आठ अक्षरांचा, लहान अक्षरं आणि आकडे यांचा कसाही केलेला पासवर्ड या वेगाने शोधायचा तर अकराशे वर्षं लागतील. ग्राफिक्स कार्डावर हॅशकॅट हे पासवर्ड शोधायचं साधन खूपच वेगाने पळतं, पण आठवणीचा धागा हाताशी नसेल तर वेग कितीही असला तरी पुरत नाही. एक दिलासा असा की वॉलेट.डॅटला प्रयत्नांची मर्यादा नाही. प्रोग्रॅमर स्टीफन थॉमस यांची ७,००२ बिटकॉइनची किल्ली ज्या आयर्नकी पेनड्राइव्हमध्ये अडकली, तो दहा चुकांनंतर कायमचा बंद होतो. इथे चुकायला हवी तितकी मुभा आहे.

भावाला फोन केला. “ताई, पावसावर काहीतरी होतं, शेवटी साल,” एवढंच त्याला आठवत होतं. आता मराठी शब्द रोमन लिपीत लिहायचा म्हटलं की दहा तऱ्हा. पी-ए-यू-एस, पी-ए-ए-यू-एस, पी-ए-व्ही-यू-एस, पी-ए-ओ-ओ-एस. त्यात पावसाळा, पावसात, श्रावण हेही आलेच. ही सगळी रूपं एका टोकन फाइलमध्ये (पासवर्डाच्या संभाव्य तुकड्यांच्या यादीत) भरली, सालं भरली, चिन्हं भरली. पहिली यादी तासाभरात संपली, दुसरी रात्रभर चालली, दोन्ही वाया. महिनाभर मी काहीच केलं नाही. मग तो स्वतः आला, आणि मी त्याला कळफलकासमोर बसवून म्हटलं, विचार करू नकोस, नुसता टाइप कर. तो टाइप करताना मी बोटांकडे बघत होते. पहिलं अक्षर मोठं करताना शिफ्टवरचं बोट उशिरा उठायचं, म्हणून दुसरं अक्षरही मोठं पडायचं. “मी नेहमी असंच करतो की,” तो म्हणाला. बीटीसीरिकव्हरमध्ये लहान-मोठ्या अक्षरांची चूक धरायचा पर्याय आहे. तो लावून तिसरी यादी सुरू केली, आणि अकरा तासांनी पडद्यावर पासवर्ड आला. दोन्ही मोठी अक्षरं, पुढे ‘व्ही’वालं स्पेलिंग, साल, उद्गारचिन्ह.

पुढचं काम त्या मानाने सोपं होतं. डोजकॉइन कोअरला (डोजकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरला) सॅल्व्हेजवॉलेटचा पर्याय देऊन फाइलची प्रत दुरुस्त करून घेतली, सगळ्या व्यवहारांची पूर्ण साखळी उतरू दिली, आधी थोडी नाणी हार्डवेअर वॉलेटवर (किल्ल्या ठेवायच्या वेगळ्या छोट्या उपकरणावर) पाठवून पाहिली, मग सगळी. बिटकॉइनचं जुनं वॉलेट सापडलेल्यांसाठी एक सूचना: बिटकॉइन कोअर ३० पासून बर्कली डीबीची वॉलेटं थेट उघडत नाहीत, नव्या प्रकारात बदलून घ्यावी लागतात. तेही प्रतीवरच करा.

आणि हे काम करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल. मदत मागितल्याबरोबर मला चार जणांचे निरोप आले, चौघांनाही आख्खी वॉलेट फाइल हवी होती, एकाला तर आगाऊ रक्कमही. पासवर्ड शोधायला आख्खी फाइल लागत नाही. बीटीसीरिकव्हरसोबत येणारी छोटी स्क्रिप्ट एमकीचा (पासवर्डाने कुलूपबंद केलेल्या मुख्य किल्लीचा) फक्त गरजेपुरता भाग काढून देते. त्यावरून पासवर्ड शोधता येतो, पण नाण्यांना हात लावता येत नाही. एवढं सांगितल्यावर चौघेही गप्प झाले.

जेम्स हॉवेल्स यांचा हजारो बिटकॉइनच्या किल्ल्या असलेला ड्राइव्ह २०१३ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टच्या कचरा डेपोत गेला. तो शोधू द्यावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. त्यांच्याबद्दल वाचलं की मला त्या कपाटाचाच विचार येतो. घर आवरताना मी दोनदा हा ड्राइव्ह भंगाराच्या पिशवीत टाकला होता, आणि दोन्ही वेळा भावाने तो परत काढून ठेवला. नाण्यांचे निम्मे त्याच्या वॉलेटवर गेले. इमेज दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. न वाचलेले ११ एमबी कुठे आहेत ते मॅपफाइलमध्ये नोंदलेलं आहे, आणि दोन्ही वॉलेटांची पानं त्यांच्या आसपासही नव्हती.