शिड्यांचं कोडं आणि जिओजेब्रा : कुठवर साथ, कुठे हात वर

कोडं बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. समोरासमोर दोन उभ्या भिंती, मध्ये बोळ. एक शिडी ३० फुटांची. तिचा पाय डाव्या भिंतीच्या बुडाशी आणि डोकं उजव्या भिंतीला टेकलेलं. दुसरी २० फुटांची, ती उलट बाजूने. दोन्ही शिड्या जमिनीपासून ८ फुटांवर एकमेकींना छेदतात. तर बोळ किती रुंद? दिसायला नववी-दहावीचं गणित. पायथागोरस आणि समरूप त्रिकोण, एवढंच भांडवल लागेल असं वाटतं, आणि लागतंही तेवढंच. पण कागद घेऊन बसलं की दोन पानं भरतात आणि शेवटी चौथ्या घाताचं समीकरण आ वासून उभं राहतं.

मी गणिताच्या शिकवण्या घेते आणि असली कोडी जमवायचा मला नाद आहे. ‘जिओजेब्रावर टाकलं की उत्तर येतं ना, मग डोकं कशाला फोडायचं?’ हा प्रश्न मुलंही विचारतात आणि त्यांचे आईबाबाही. म्हणून हा रिव्ह्यू. अख्ख्या सॉफ्टवेअरचा नाही, शिड्यांपुरताच. त्यात मावत नाही ते सोडून दिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना, जिओजेब्रा या गणिताच्या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरची सुरुवात केली. ब्राउझरमध्ये चालतं, फोनवर चालतं. एका बाजूला आकृती, दुसऱ्या बाजूला तिचं बीजगणित. एकीकडे हात लावला की दुसरीकडचं आपोआप बदलतं. त्याची खरी कमाई ही आहे. बाकी रंग, जाड-बारीक रेषा, ॲनिमेशन वगैरे हौसेचं काम.

आता शिड्या उभ्या करू. रुंदीसाठी एक स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायची पट्टी, घ्यायचा. तो मुळात उणे ५ ते ५ एवढाच फिरतो, तेव्हा आधी त्याला ० ते २० करा. नाहीतर बोळ पाच फुटांच्या पुढे जाणार नाही आणि आपण आकृतीत चूक शोधत बसू. डावी भिंत म्हणजे वाय अक्ष. उजवी भिंत म्हणजे स्लायडरच्या अंतरावरची उभी रेषा. शिडीची लांबी ठरलेली आहे, म्हणून तिच्या पायाशी केंद्र धरून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. ते समोरच्या भिंतीला वर जिथे छेदेल तिथे शिडीचं डोकं. एक वर्तुळ ३० चं, एक २० चं. डोकी मिळाली की रेषाखंड जोडायचे, वर्तुळं लपवायची आणि दोन रेषाखंडांचा छेदनबिंदू घ्यायचा. दहा मिनिटांचं काम, आणि मुलांना हे करायला लावण्यात अर्धं शिक्षण आहे. ‘लांबी पक्की’ म्हणजे वर्तुळ, ही गोष्ट फळ्यावर सांगून डोक्यात शिरत नाही, इथे शिरते. स्लायडर २० च्या पुढे नेऊ दिला तर धाकटी शिडी पडद्यावरून गायबच होते, कारण वर्तुळ भिंतीपर्यंत पोचतच नाही. बरोबर २० वर ती जमिनीवर आडवी झोपते. हे बघून मुलं हसतात, पण रुंदी २० पेक्षा कमीच असणार हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

आणि मग तो क्षण येतो ज्यासाठी लोक हे उघडतात. स्लायडर सरकवत छेदनबिंदूची उंची बघायची आणि ८ आले की थांबायचं. गंमत अशी की ८ येतच नाहीत. स्लायडरची पायरी मुळात ०.१ ची. रुंदी १६.२ वर उंची दिसते ८.०१. पुढच्या टिचकीला, १६.३ वर, ७.९४. मधलं काही नाही. पायरी ०.०१ करा, मग १६.२१ वर पडद्यावर स्वच्छ ‘८’ उमटतो. वर्गात याच ठिकाणी कुणीतरी ‘आलं!’ म्हणून ओरडतं.

आलेलं नसतं. जिओजेब्रा मुळात दोनच दशांश स्थळं दाखवतं. सेटिंगमध्ये जाऊन पाच करा, तो गुळगुळीत ८ लगेच ८.००१५ च्या आसपास सरकतो. खरी रुंदी १६.२१२१ च्या जवळपास आहे. बोळ मोजायला निघालेल्या माणसाला हा फरक कुठेच लागणार नाही, मान्य. पण कोड्याला लागतो, कारण १६.२१ हे उत्तर आहे की उत्तराच्या शेजारी राहणारी संख्या आहे, हे पडदा सांगू शकत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्यांना माझं सांगणं एकच: आधी दशांश स्थळं वाढवा, मग स्लायडरला हात लावा.

उलट बाजूही दाखवते. शिड्या ११९ आणि ७० च्या घ्या, छेद ३० वर. आता पायरी १ ची ठेवली तरी स्लायडर ५६ वर येऊन थांबतो आणि उंची बरोबर ३०. दशांश स्थळं कितीही वाढवा, तसूभर हलत नाही. कारण इथे सगळंच पूर्णांकात बसतं: भिंतीवरच्या उंच्या १०५ आणि ४२. हे उदाहरण मुलांना पहिलं दिलं तर त्यांचा पडद्यावर अंधविश्वास बसतो, दुसरं दिलं तर ती नेमका प्रश्न विचारतात: ‘तिथे का जमलं, इथे का नाही?’ म्हणून मी क्रम कधी बदलत नाही.

इथपर्यंतचा वापर म्हणजे महागडी फूटपट्टी. एवढ्यासाठीच कुणी जिओजेब्रा घेणार असेल तर कॅल्क्युलेटरवर अंदाजपंचे करूनही उत्तर मिळतं.

त्याचं मोल कळतं ते आकृती उलटी बांधल्यावर. लांबी पक्की ठेवण्याऐवजी भिंतींवरच्या उंच्या पक्क्या ठेवा. डाव्या भिंतीवर १०, उजव्या भिंतीवर १५. या दोन बिंदूंपासून समोरच्या भिंतीच्या बुडापर्यंत रेषाखंड. छेदनबिंदूवर उजवी क्लिक करून ‘ट्रेस’ चालू करा आणि उजवी भिंत ओढत न्या. बोळ रुंद होतो, शिड्या लांबतात, छेदनबिंदू उजवीकडे सरकतो आणि मागे ठिपक्यांची एक ओळ सोडत जातो. ती ओळ आडवी असते. सपाट, ६ च्या उंचीवर. भिंत तीन फुटांवर आणा नाहीतर तीनशे फुटांवर न्या, छेद ६ वरच.

हे कागदावर दिसत नाही. कागदावर आकृती एकच असते, आणि तिच्यात रुंदीचा या उंचीशी काही संबंध नाही हे कळायला मार्गच नसतो. सगळे जण रुंदीच्या मागे धावतात, कारण विचारलंय तेच. इथे भिंत हलवली की लक्षात येतं की रुंदी बाजूला ठेवून उंच्यांबद्दल बोलायला हवं. एकदा ते सुचलं की समरूप त्रिकोण दोन ओळींत काम संपवतात. छेदाची उंची भागिले उजवी उंची म्हणजे छेदनबिंदू डावीकडून रुंदीच्या कितव्या भागावर आहे तो अंश. छेदाची उंची भागिले डावी उंची म्हणजे उरलेला अंश. दोन्ही मिळून एक. म्हणजेच दोन उंच्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज ही छेदाच्या उंचीचा गुणाकार व्यस्त: १/१० + १/१५ = १/६. रुंदी आली आणि निघूनही गेली.

मूळ कोड्यात परत या. धाकट्या शिडीची भिंतीवरची उंची ‘अ’ माना, थोरलीची ‘ब’. एक नातं वरचंच: १/अ + १/ब = १/८. दुसरं पायथागोरसमधून: दोन्ही शिड्यांची रुंदी एकच, म्हणून वजाबाकीत ती उडते आणि ब² − अ² = ९०० − ४०० = ५०० उरतं. पहिल्यातून ‘ब’ काढून दुसऱ्यात घातला की येतं:

अ⁴ − १६अ³ + ५००अ² − ८०००अ + ३२००० = ०

हे हाताने सोडवण्याची सक्ती मी कुणावर करत नाही. चौथ्या घातासाठी सूत्र आहे, पण ते वापरणं ही शिक्षा आहे. इथे पुन्हा जिओजेब्राकडे जायचं, बहुपदीचा आलेख काढायचा. एक सूचना: आलेख पहिल्यांदा दिसतच नाही, दिसल्या तर जवळजवळ उभ्या दोन रेघा, कारण तो शून्याखाली साडेचार हजारांपर्यंत बुडी मारतो. शिफ्ट दाबून उभा अक्ष आवळत न्या, मग वाटीसारखा आकार दिसेल. तो आडव्या अक्षाला दोनदा छेदतो, ५.९४ च्या जवळ आणि ११.७१ च्या जवळ.

दोन उत्तरं? सॉफ्टवेअर खांदे उडवतं. त्याच्या लेखी दोन्ही मुळं सारखीच सच्ची. आपण ठरवायचं. छेद ८ वर आहे, मग शिडीचं डोकं ५.९४ वर असेल कसं? ते मूळ घेतलं तर ‘ब’ ऋण येतो, म्हणजे थोरली शिडी जमिनीत गाडलेली. ते टाकून द्यायचं, ११.७१ ठेवायचं, आणि ४०० वजा त्याचा वर्ग, मग वर्गमूळ: १६.२१. उत्तर तेच, पण आता ते कुठून आलं हे माहीत आहे. मुलांनी याच जागी पेन टेकवून विचार करावा असं मला वाटतं आणि नेमकं याच जागी पडदा त्यांना काहीच मदत करत नाही. ही मी उणीव धरत नाही.

(ज्यांचा शिड्यांशी खरोखर संबंध येतो त्यांनी हे मोजमाप मनावर घेऊ नये. शिडी चार हात वर तर एक हात भिंतीपासून लांब, म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंश, हा नेहमीचा सुरक्षित हिशेब. आपली २० फुटी शिडी ३६ अंशांवर लोळतेय.)

दुसरं कोडं पेटीचं. भिंतीला लागून १ मीटर बाय १ मीटरची पेटी, ४ मीटरची शिडी पेटीच्या कोपऱ्याला टेकून भिंतीपर्यंत; भिंतीवर किती उंच पोचेल? सरळ मांडलं तर इथेही चौथा घात. आकृतीत कोपऱ्यातून जाणारी रेषा फिरवत राहिलं की लांबी ४ दोनदा होते, एकदा शिडी ताठ असताना, एकदा आडवट. दोन्ही आकृत्या एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. सममिती एवढी डोळ्यांत भरल्यावर उंची आणि पायाचं अंतर वेगवेगळं कशाला शोधायचं? त्यांची बेरीज शोधा. बेरीज आणि गुणाकार इथे सारखेच निघतात, चौथा घात गळून वर्गसमीकरण राहतं आणि बेरीज येते १ + √१७. उंची ३.७६, पाय १.३६, किंवा उलट. ही वाट पुस्तकात ‘चतुर प्रतियोजन’ म्हणून छापतात, जणू आकाशातून पडली. रेषा फिरवणाऱ्या मुलीला ती आपली आपण सापडते.

फोनवर मात्र हे करू नका. बोट नेमकं त्या बिंदूवरच येतं जो बघायचाय, आणि दोन आकृत्या शेजारी ठेवायला जागा नाही. लॅपटॉप, निदान टॅबलेट तरी हवा. अगदी लहान मुलांना थेट स्लायडर देऊ नये असंही माझं मत आहे. ती ८ आणतात आणि उठून जातात. आधी कागद, अडल्यावर पडदा, पुन्हा कागद. शिक्षकांना मी डोळे मिटून शिफारस करेन. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री उत्तर पडताळायला हवं असेल तर साधा कॅल्क्युलेटर बरा.

एक प्रयोग बोनस म्हणून. भिंत एकच ठेवा, शिडीचा पाय जमिनीवर सरकवत न्या आणि अख्ख्या शिडीचाच ट्रेस चालू करा. रेषांच्या गर्दीतून आत वाकलेली एक कड उमटते, ॲस्ट्रॉइड नावाच्या चार टोकांच्या, चांदणीसारख्या वक्राचा चतकोर. शिडीच्या मध्यबिंदूचा ट्रेस घेतलात तर मात्र वर्तुळाचा कंस, बाहेर फुगलेला. ती आत वाकलेली कड पेटीच्या कोपऱ्याला जेमतेम शिवेल अशी शिडी घ्या: लांबी २√२, सुमारे २.८३ मीटर. पेटीवरून भिंतीला टेकू शकणारी सर्वांत आखूड शिडी तीच, आणि १ मीटर रुंदीच्या काटकोनी वळणातून आडवी धरून नेता येणारी सर्वांत लांब शिडीही तीच. का, ते आकृती हलवून बघा.