जुन्या जीपच्या फाटलेल्या डिस्क परत वापराव्यात का? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तपासून निवडलेल्या जुन्या डिस्क (म्हणजे टायर काढल्यावर उरणारं लोखंडी चाक) जीपला बसवून आठ महिने झाले, मीटरवर साधारण ४,२०० किलोमीटर पडले. आता अनुभव लिहावा इतका वापर झालाय.

गाडी वडिलांची आहे. महिंद्राची सीजे-थ्रीबी, पेट्रोल, सोळा इंची लोखंडी चाकं, ६.००-१६ चे टायर. अंबाजोगाईहून शेतावर रोज आणि महिन्यातून एकदा मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड, असा तिचा वापर. महिंद्रानं १९४७ मध्ये जीप जोडायला घेतल्या, आणि पाच स्टड (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट), साडेपाच इंची पीसीडी (स्टडच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) हे माप पुढच्या कितीतरी मॉडेलांत तसंच राहिलं. त्यामुळे भंगारात कुठल्याही दशकाचं चाक मिळतं आणि ते बसतंही. पण ते चाक काळी-पिवळीखाली पंधरा-पंधरा माणसं घेऊन किती वर्षं पळालंय, हे कोण सांगणार?

सुरुवात झाली ती पुढच्या डाव्या चाकापासून. एका महिन्यात तीनदा नट ढिले झाले. जुन्या जीपला डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे आधी मला वाटलं, पंक्चरवाल्यानं नीट आवळले नसतील. आमच्या गल्लीच्या टोकाला चाचांचं गॅरेज आहे. त्यांनी चाक नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "भैया, नट ढिला व्हायला नाही, डिस्क फाटायलीय." नटाच्या कडेपासून गंजाची एक तांबूस रेघ बाहेर आली होती, पावसाचं पाणी सुकल्यावर उरते तशी. रंगाखालून गंजाची रेघ झिरपताना दिसली की तिथं चीर आहे असं धरूनच चालावं, हा माझा पहिला धडा.

मी भंगारातून तीन डिस्क आणल्या. तिन्ही चकाचक, चंदेरी रंग मारलेल्या. विकणारा म्हणाला, एकदम कडक माल आहे. घरी पेंट रिमूव्हर लावला तर एका डिस्कच्या हवेच्या खाचेपाशी रंगाबरोबर पुट्टीही निघून आली. रंग मारलेली जुनी डिस्क घेऊच नका. गंजकी, उघडी डिस्क घ्या, निदान ती काय आहे ते दिसतं.

गाडीच्या स्टेपनीसह पाच आणि या तीन, अशा आठ डिस्क तपासायच्या होत्या. चाचांची पद्धत रॉकेल आणि खडूची. रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडू घासायचा, चिरेत राहिलेलं रॉकेल खडूवर ओल उमटवतं. हातोडी मारून आवाज ऐकायचीही पद्धत आहे, पण ती मला भरवशाची वाटली नाही. अर्धा इंच फाटलेली डिस्कसुद्धा घंटेसारखी वाजली.

वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेल्या मेहुण्यांनी डीपी टेस्टचे (म्हणजे डाय पेनिट्रंट, चिरेत रंग शिरवून ती दाखवणारी तपासणी) तीन डबे आणून दिले, दीड हजाराच्या आत. क्लीनरनं धातू स्वच्छ करायचा, लाल डाय मारायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसायचं, थेट डिस्कवर मारला तर चिरेतली डायही धुऊन जाते. शेवटी पांढरा डेव्हलपर. पुढच्या डाव्या चाकावर डेव्हलपर वाळला आणि दोन मिनिटांत स्टडच्या भोकापासून खाचेकडे एक लाल केस उमटला. मी बघत असताना तो जाड होत गेला. पट्टीनं मोजला, अकरा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी तिथं मला फक्त एक ओरखडा दिसला होता. याच चाकावर मी घरच्यांना घेऊन घाट उतरलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक चूक झाली ती सांगतो. भंगारातली एक डिस्क घाईत सँड ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं रंग-गंज काढून, आणली. डीपीत ती साफ निघाली. मेहुणे म्हणाले, ब्लास्टिंगच्या माऱ्यानं वरचा धातू पसरून चिरेचं तोंड बुजतं, मग डाय आत शिरणार कशी? त्यांनी ती नेऊन मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट केली. त्यात लोखंड चुंबकित करून वर बारीक लोहचूर्ण टाकतात, चीर असेल तिथं चूर्ण गोळा होतं. दोन भोकांच्या मध्ये पूर्ण रेघ निघाली. म्हणून रंग आधी केमिकलनं काढा, डीपी करा, ब्लास्टिंग नंतर.

आठांपैकी तीन बाद झाल्या, चार साफ निघाल्या. एकीच्या खाचेच्या कडेला चार मिलिमीटरची पुसट रेघ होती. ती वरवरची असेल असं धरून तिची स्टेपनी केली.

वेल्डिंगचं सगळेच विचारतात. वेल्डर म्हणतो, शिवून देतो, काही होत नाही. मी नाही म्हणतो आणि त्याचं कारण आहे. या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेचारशे फेरे. प्रत्येक फेऱ्यात भोकाजवळचा पत्रा एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. माझ्या ४,२०० किलोमीटरमध्ये हे जवळजवळ एकोणीस लाख वेळा झालंय. पत्रा थकून फाटलाय, तो फक्त एका जागी थकलेला नसतो. वेल्ड केलं की त्याच्या कडेचा पत्रा उष्णतेनं बदलतो आणि नवी चीर तिथून सुरू होते, शिवाय डिस्क वाकडी होते ती वेगळी. टायरची कड बसते ती जागा, मधला पत्रा आणि बाहेरची रिम यांचा जोड, स्टडची भोकं, यांतल्या कुठंही चीर दिसली तर माझ्यासाठी विषय तिथंच संपतो. आमच्याकडे ट्यूबचे टायर असल्यानं आणखी धोका आहे. ट्यूबलेसमध्ये रिम फुटली की हवा जाऊन कळतं तरी, ट्यूबमध्ये हवा टिकून राहते आणि चीर वाढत राहते.

चार चाकं आता कशी आहेत? उत्तम. नट एकदाही ढिले झाले नाहीत. पण नट बसतो तिथल्या उतारावर रंग चढू दिला नाही, हे महत्त्वाचं. तिथला जाड रंग दबला की नट आपोआप सैल पडतो आणि भोक फाटायला लागतं. बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल केल्या होत्या की एकदा पुढचं चाक जोरात आदळलं, त्याच संध्याकाळी ते काढून पुन्हा डीपी केली. साफ होतं.

स्टेपनी मात्र गेली. मधे पंक्चर झालं तेव्हा ती जेमतेम ३०० किलोमीटर चालली. मागच्या आठवड्यात तपासली तर चारची रेघ नऊ मिलिमीटर झाली होती, आणि खाचेच्या दुसऱ्या टोकाला नवी सुरू झाली होती. संशयाची डिस्क स्टेपनीलाही ठेवायची नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. स्टेपनी लागते तीच मुळी रात्री, रस्त्यात, घरची माणसं सोबत असताना. आता नवीन डिस्क घेतलीय.

बाद झालेल्या चारही डिस्क चाचांकडे गॅस कटरनं मधोमध कापून घेतल्या. भंगारवाला तुकडे बघून हळहळला, म्हणाला, "अख्ख्या आणल्या असत्या तर नगावर दुप्पट दिले असते." मी म्हटलं, वजनावरच घ्या.