रहाडीचा अर्थ : प्रश्नावली की सहवास?

जुन्या नाशकातली रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद) आज लोकांच्या ओळखीशी कशी जोडली गेली आहे, हे दोन मार्गांनी अभ्यासता येते. प्रश्नावलीने शेकडो घरांची उत्तरे थोडक्या दिवसांत मिळतात. मात्र ‘परंपरा जपतो’ या उत्तरामागे काय दडले आहे, ते रकान्यात मावत नाही. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९१५ ते १९१८ दरम्यान पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून रुजवलेले सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांत मिसळून पाहणे, हा दुसरा मार्ग वेळखाऊ असतो. तरीही वर्षभर बुजवलेली रहाड उघडताना, तिची पूजा होताना आणि रंगात ‘धप्पा’ (उडी) मारायला कोण सरसावतो, कडेला कोण थांबतो, हे पाहिल्याशिवाय (अभ्यासकही भिजतोच) मान कोणाचा, ते कळत नाही. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. कोणत्या वयाचे किती लोक येतात, एवढेच मोजायचे असेल, तर प्रश्नावली पुरते.